पंपाच्या मागची बाजू

टिपणीस साहेबांनी पहिला पत्रा उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "यात तर माझ्याच मिशा दिसतायत."

"तिरका धरा," समोर बसलेले इनास सर म्हणाले. "आरसाच आहे तो. समोर काहीतरी काळं हवं."

मी माझी काळी पर्स पुढे केली. पर्सचा काळा रंग पत्र्यात उतरला आणि चांदीतून एक बाई वर आली. खुर्चीत ताठ बसलेली, केसांचा अंबाडा, मांडीवर क्रोशाचं विणकाम. चेहरा इतका स्वच्छ की पापण्या दिसत होत्या. मांडीवरचे हात मात्र पुसट. पीठ सांडावं तसा तिथे नुसता पांढरा डाग होता.

"तिन्ही प्लेटांत तेच," सर म्हणाले. "पंप घेतल्यावर पहिले काही महिने छान आल्या. आता हात पुसले जातात. म्हणून म्हटलं, तुम्हालाच दाखवावं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पंप मी निवडून दिला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वालीवच्या एका गाळ्यात आमची कंपनी व्हॅक्यूम पंप बनवायची. व्हॅक्यूम पंप म्हणजे भांड्यातली हवा ओढून बाहेर टाकणारं यंत्र. भांडं रिकामं करायचं, इतकंच त्याचं काम. आमची गिऱ्हाइकं म्हणजे आसपासचे इमिटेशन ज्वेलरीवाले, ज्यांना प्लास्टिकच्या मण्यांवर सोनेरी चमक चढवायची असे, मसाले पॅक करणारे, दातांच्या कवळ्या बनवणारे. मी अॅप्लिकेशन इंजिनिअर. गिऱ्हाइकाची गरज ऐकायची आणि त्याला कुठला पंप लागेल ते सांगायचं. सगळे मला 'राणे मॅडम' म्हणत आणि ते मला फार आवडे. विरारहून रोज शेअर रिक्षात कोंबून येणाऱ्या बाईला दिवसभरात तेवढीच काय ती ऐट.

इनास सर पहिल्यांदा आले ते त्या वर्षाच्या सुरुवातीला. माणिकपूरच्या पलीकडे त्यांचं गाव. शाळेत आयुष्यभर केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक तांब्याचा चौकोनी पत्रा काढला, एका बाजूने चांदी चढवलेला.

"यावर मी फोटो काढतो," ते म्हणाले. "फिल्म यायच्या कितीतरी आधीची पद्धत. डॅग्युरोटाइप."

मग त्यांनी मला वर्गात बसवल्यासारखं सगळं समजावलं. चांदी घासून आरशासारखी करायची. तिला आयोडीनची आणि ब्रोमीनची वाफ द्यायची, म्हणजे ती उजेडाला जागी होते. मग पत्रा कॅमेऱ्यात घालायचा आणि माणसाला समोर बसवायचं. एवढं झालं तरी पत्र्यावर काही दिसत नाही. चित्र असतं, पण झोपलेलं. ते उठवायला पाऱ्याची वाफ लागते. जिथे उजेड पडला तिथे पाऱ्याचे बारीक कण बसतात आणि चित्र दिसू लागतं.

"जुने लोक पारा स्पिरिटच्या दिव्यावर तापवत," सर म्हणाले. "कितीतरी जण त्यात आजारी पडले. मला ते करायचं नाही. घरात आम्ही दोघंच. मिसेस दिवसभर घरात असते. पारा तापवला की वाफ घरभर जाणार. पण हवा काढून टाकली की पारा न तापवताही उडतो, म्हणून मला व्हॅक्यूम हवाय. मला काही झालं तर झालं, तिला काही होता कामा नये."

हे वाक्य त्यांनी पहिल्याच भेटीत उच्चारलं होतं. मी ते ऐकलं होतं. माझ्याकडे नंतर कुठलीही सबब राहिली नाही, ती या वाक्यामुळे.

"किती व्हॅक्यूम लागेल?" मी विचारलं. आमच्या धंद्यातला हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, किती वेळात. तिसरा प्रश्न नसतोच.

"फारसं नाही लागत. हातपंपानेही लोक करतात असं वाचलंय."

हातपंप म्हटल्यावर माझं नाक वर गेलं. सायकलमध्ये हवा भरतात तसला पंप वापरून कोणी आमच्या क्षेत्रात लुडबुड करावी हे मला सहन होईना. मी त्यांना आमचा डबल स्टेज रोटरी पंप दाखवला. लोखंडी पेटी, आत तेलात फिरणारा रोटर, शेजारी मोटर. आमच्या सगळ्या मालात सर्वांत खोल व्हॅक्यूम देणारा. सरांच्या लहानशा चेंबरला, म्हणजे पत्रा आणि पारा ठेवायच्या बंद डब्याला, तो पंप म्हणजे उंदीर मारायला तोफ. पण मला तो विकायचा होता, कारण मला त्याचा अभिमान होता.

"म्हणजे खोलीत पारा राहणार नाही?" सरांनी विचारलं.

"वाफेचा कण राहणार नाही सर. पंप सगळं ओढून घेईल."

यात खोटं काहीच नव्हतं. खोलीत कण राहिला नाही.

पंप बसवायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. केळीच्या बागेतलं बैठं घर, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला विहीर. सरांची खोली ओट्याला लागून. रोझीबाई, म्हणजे सरांच्या मिसेस, दारात उभ्या राहून आमचा गोंधळ बघत होत्या. त्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातातली क्रोशाची सुई कोणी खाली ठेवलेली पाहिली नव्हती, असं सर म्हणाले. त्यांच्या चर्चच्या वेदीवरच्या कापडाला जी लेस होती ती त्यांचीच. आता ते कापड जुनं झालं होतं आणि येत्या नाताळासाठी नव्या कापडाची लेस त्यांनी विणायला घेतली होती. इतक्या बारीक सुईने की मला टाके दिसेनात.

मी पंप चालू केला. घरभर घरघर सुरू झाली.

"बाय, हे असंच ओरडणार काय?" रोझीबाईंनी विचारलं.

"घरात नको मग," मी म्हणाले. "ओट्यावर ठेवूया. भिंतीतून रबरी होज आत घेऊ. आवाज बाहेर, काम आत."

सगळ्यांना पटलं. मी सरांना आणखी एक सूचना दिली. ती आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायचो, आणि प्रत्येकाच्या बाबतीत ती बरोबरच होती. "सारखा चालू-बंद करू नका सर. तेल मागे खेचलं जातं. एकदा लावला की काम संपेपर्यंत चालू राहू द्या."

सरांनी मान डोलावली. चांगला शिक्षक होता तो माणूस, म्हणून चांगला विद्यार्थीही होता. सांगितलेलं तंतोतंत पाळणारा.

आता पुन्हा त्या तीन प्लेटांकडे येते.

सर गेल्यावर साहेब म्हणाले, "राणे, व्हायब्रेशन असणार. दोन रबर पॅड घेऊन जा. गिऱ्हाईक खूश होईल."

मी पॅड घेऊन गेले. पंपाला गेज लावलं. गेज म्हणजे आत किती व्हॅक्यूम आहे ते दाखवणारं घड्याळ. काटा जिथे असायला हवा तिथेच होता, उलट थोडा पुढेच. पंप ठणठणीत होता. मग मी सरांना म्हटलं, फोटो कसा काढता ते मला दाखवा.

अंगणात उजेडात खुर्ची मांडलेली होती. खुर्चीच्या पाठीला सरांनी सायकलच्या जुन्या स्टँडचा एक आकडा बसवला होता. त्यात बसणाऱ्याचं डोकं टेकायचं, म्हणजे ते हलत नाही. रोझीबाई बसल्या. कॅमेऱ्याचं झाकण काढल्यावर मिनिटभर तरी तसंच बसायचं. घड्याळ ते वापरत नसत. रोझीबाई मनातल्या मनात 'नमो मरिया' म्हणत. ठरलेल्या प्रार्थना पूर्ण झाल्या की त्या डोळे मिटून घेत, आणि सर झाकण लावत. दोघांची ही जुनी रीत होती. सर म्हणाले, तिच्या प्रार्थनेइतकं अचूक टायमर माझ्याकडे नाही.

मी बघत होते. डोकं आकड्यात घट्ट. हात मांडीवर मोकळे. आणि मला सगळं कळलं, म्हणजे मला तसं वाटलं. मी सरांना म्हणाले, "सर, हे पंपाचं काम नाही. फोटो आधी काढला जातो, पंप नंतर लागतो. हात हलला तो इथे, खुर्चीत. पंप त्याला काय करणार?"

सरांनी खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मी जिंकले होते. आणि जिंकलेल्या माणसासारखं हसत मी रोझीबाईंकडे वळून म्हणाले, "काकू, जरा स्थिर बसायचं हं."

रोझीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मारकुट्या बाईंसमोर न केलेला गृहपाठ लपवावा तसे. त्या म्हणाल्या, "वय झालं गे बाय. सुईपन हल्ली धड जागी जात नाही. लेस मागे पडली बघ."

"होतं तसं," मी म्हणाले. "माझी आईसुद्धा हेच म्हणते."

ऑफिसात येऊन मी साहेबांना सांगितलं, पंप निर्दोष. साहेब म्हणाले, "शाब्बास. पॅड दिलेस ना?" मी म्हणाले, दिले. तक्रार मिटली.

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. एका बाईचे हात थरथरताहेत हे चांदीच्या पत्र्याने तीन वेळा दाखवलं, तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि मी तिला स्थिर बसायला सांगून आले. पंप निर्दोष आहे याचा मला इतका आनंद झाला होता की पुढचा विचार करायला जागाच उरली नव्हती.

डिसेंबरात पंपाची फ्री सर्व्हिस निघाली. आमचा सर्व्हिसवाला गावी गेला होता. म्हटलं, तेलच बदलायचंय, मीच जाते. त्या वर्षी वसईला चांगली थंडी पडली होती. गावातल्या घरांवर कागदी तारे लागले होते. मी पोचले तेव्हा ओट्यावर पंप चालू होता आणि सर खोलीत पुढची प्लेट घासत होते.

"काकू कुठायत?" मी विचारलं.

"चहा टाकतेय. मी खोलीत पाऱ्याचं काम काढलं की तिला आत थांबू देत नाही. बाहेर ओट्यावर बस म्हणतो."

मी पंप बंद केला आणि खाली ट्रे लावून तेलाचा बोल्ट काढला. पंपाचं तेल नवं असताना मधासारखं दिसतं, जुनं झालं की काळपट. हे राखाडी होतं. मी ट्रे थोडा कलता केला, तर तेलाखालून एक चकचकीत मणी घरंगळला. मग दुसरा. मग ते दोन्ही एकमेकांना चिकटून एक झाले.

पारा.

पंपाने सगळं ओढून घेतलं होतं. मी म्हटलं होतं तसंच. ओढलेलं तो पोटात ठेवून घेत नाही, हे मात्र मी बोलले नव्हते. पंपाला दोन तोंडं असतात. एकाने ओढतो, दुसऱ्याने सोडतो. सोडणाऱ्या तोंडाला एक्झॉस्ट म्हणतात. सरांचा पंप प्रत्येक प्लेटीला तासन्‌तास चालू राहायचा, कारण बंद करू नका असं मीच बजावलं होतं. तेवढा वेळ तो चेंबरमधला पारा ओढत होता आणि गरम होऊन मागून बाहेर टाकत होता. कुठे टाकत होता, ते बघायला मी मान वळवली.

एक्झॉस्टच्या तोंडाशी एक लाकडी स्टूल होतं. स्टुलावर उशी. उशीवर क्रोशाची पिशवी.

तेवढ्यात रोझीबाई चहा घेऊन आल्या. कप बशीवर टकटक वाजत होता. चहा खाली ठेवून त्या सवयीने त्या स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, पाय एक्झॉस्टच्या समोर नेले.

"सुरू कर ना बाय," त्या म्हणाल्या. "बंद का केलंस? गरम वारा येऊ दे. थंडीत गुडघ्यांना बरं वाटतं."

"उठा तिथून," मी म्हणाले. माझा आवाज किती मोठा होता ते सर खोलीतून धावत बाहेर आले तेव्हा कळलं.

रोझीबाई घाबरून उठल्या. त्यांना वाटलं, कंपनीच्या मशीनजवळ बसल्या म्हणून मी रागावले. त्या म्हणाल्या, "मी हात नाही लावला त्याला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ट्रे सरांपुढे केला. त्यांनी पाऱ्याचा मणी पाहिला, मग स्टूल पाहिलं, मग बायकोच्या हातांकडे पाहिलं. केमिस्ट्रीच्या मास्तरांना मला काही समजावावं लागलं नाही. ते विहिरीच्या काठावर बसले. मग आपल्या बोलीत ते रोझीबाईंना काहीतरी म्हणाले. मला शब्द कळले नाहीत. रोझीबाई मात्र त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांची पाठ थोपटू लागल्या. जिला झालं होतं तीच धीर देत होती.

मी तिथून थेट वालीवला आले आणि साहेबांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

टिपणीस साहेब म्हणाले, "हे बघ राणे, आपला पंप हवेसाठी आहे. गिऱ्हाईक त्यातून काय ओढतं ही आपली जबाबदारी नाही. कॅटलॉगमध्ये स्वच्छ, कोरडी हवा असं छापलंय."

"त्यांनी पारा म्हणून सांगितलं होतं साहेब. पहिल्याच दिवशी. मला."

"मग तू काय म्हणालीस?"

"पंप सगळं ओढून घेईल म्हणाले."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "हात फार हलतात का?"

"कप वाजतो."

"माझी गाडी घेऊन जा," ते म्हणाले. "ड्रायव्हरला सांगतो. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात ने. उद्या नको, आजच."

कॅटलॉगचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्यासाठी ते कठीणच झालं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी लघवीची तपासणी सांगितली. पारा निघाला. सरांच्याही शरीरात होता, पण थोडा. कारण ते खोलीत होते आणि खोली मी वचन दिल्याप्रमाणे स्वच्छ राहिली होती. डॉक्टर म्हणाले, पाऱ्यापासून दूर राहिलं की शरीर तो हळूहळू टाकून देतं. हात बरेचसे स्थिर होतील. पूर्वीसारखे होतील का, ते आत्ता सांगता येत नाही.

कॉरिडॉरमध्ये सर मला म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी केमिस्ट्री शिकवली. मागून काय निघतं हे मी विचारायला हवं होतं. वर मीच तिला बाहेर बस म्हणायचो."

हे ऐकून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याने माझ्यावर विश्वास टाकला तो माझ्या वाटणीची चूकही स्वतःच्या खात्यात घालत होता. मी म्हणाले, "नाही सर, हा माझा धंदा आहे. हे विचारायचे पैसे मला मिळतात." एवढं एकच वाक्य त्या सगळ्या प्रकरणात मी धड बोलले असेन.

रोझीबाई बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे गेले. माफी कशी मागायची याची गाडीत तयारी केली होती, ती सगळी विसरले. म्हणाले, "काकू, मी तुम्हाला स्थिर बसा म्हणाले होते."

"म्हनालीस खरी," त्या म्हणाल्या. "मला तेवढंच वाईट वाटलं होतं. बाकीचं तुला कुठे ठाऊक होतं."

पंप आम्ही परत आणला, पण उघडला नाही. उघडणाऱ्याने तेच श्वासात घेतलं असतं. तेलासकट एका पिंपात घालून झाकण बोल्टांनी घट्ट आवळलं, आणि घातक कचरा नेणाऱ्यांच्या स्वाधीन होईपर्यंत ते पिंप गाळ्याच्या मागे पडून होतं. जेवायला डबा उघडला की खिडकीतून ते दिसायचं. ओट्यावरचं स्टूल, उशी सरांनी झाकण लावण्याआधी त्यातच टाकायला दिली होती. ओट्याच्या फटींतून मणी निघत राहिले. त्यावर गंधकाची भुकटी टाकून, तोंडाला मास्क बांधून सर आणि मी ते गोळा केले. क्रोशाची पिशवीही गेली. आत अर्धी लेस होती. रोझीबाईंनी ती शेवटची एकदा बघायला मागितली. आम्ही लांबूनच दाखवली.

त्या नाताळाला वेदीवर जुनंच कापड घातलं गेलं. हे मला सरांनी फोनवर सांगितलं. मी विचारलं म्हणून.

मी मग घरी बसून पद्धतशीर अभ्यास केला. आधी करायला हवा होता तो. लहान डायफ्राम पंप पुरला असता. त्यात तेल नसतं, रबराचा पडदा वरखाली होऊन हवा ओढतो. चेंबरला व्हॉल्व्ह हवा होता. हवा काढली की व्हॉल्व्ह बंद, पंप बंद, आणि पारा आतल्या आत आपलं काम करतो. पंपाच्या आधी आयोडीन मुरवलेल्या कोळशाची नळी हवी होती, कारण आयोडीन पाऱ्याला धरून ठेवतं. आणि आयोडीन सरांच्या कपाटातच होतं. एक्झॉस्टला पाइप लावून तो छपराच्या वर न्यायला हवा होता. यातली एकही गोष्ट अवघड नव्हती. अति तिथे माती म्हणतात. मी सर्वांत खोल व्हॅक्यूम दिलं आणि साधा पाइप द्यायला विसरले.

हे सगळं आखून मी सरांकडे नेलं. नवा सेट कंपनी फुकट देणार होती. सरांनी नीट पाहिलं, दोन शंका विचारल्या, आणि कागद मला परत दिला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण पारा आता या घरात नको."

त्यांनी दुसरी पद्धत शोधली होती. फक्त आयोडीन दिलेला पत्रा कॅमेऱ्यातून काढायचा, त्यावर लाल काच ठेवायची आणि उन्हात ठेवून द्यायचा. लाल उजेडात चित्र आपोआप वर येतं. पारा नाही, चेंबर नाही, पंप नाही. फक्त वेळ जास्त लागतो, आणि माणसालाही खुर्चीत जास्त वेळ बसावं लागतं. म्हणजे इनास सरांच्या कामासाठी योग्य पंप कुठला, या प्रश्नाचं उत्तर होतं, कुठलाच नाही. अॅप्लिकेशन इंजिनिअरला हे उत्तर सुचत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी बोलावलं. रोझीबाईंनी चहा आणला. कप वाजला नाही. त्यांच्या हातात पुन्हा विणकाम होतं, पण सुई जाड, दोरा जाड. "बारीक नाही जमत आता," त्या म्हणाल्या. "पन हे लवकर होतं. वेदीला चालेल काय बघू." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

"आज तुमचा फोटो," सर म्हणाले.

मी नको नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. खुर्चीत बसवलं, डोकं आकड्यात टेकवलं. रोझीबाई कॅमेऱ्याजवळ उभ्या राहिल्या. या वेळी प्रार्थना त्यांनी मोजायच्या होत्या, मोठ्याने. सरांनी झाकण काढलं.

"नमो मरिया..."

एक झाली, दुसरी झाली. समोर ओटा होता. स्टूल होतं ती जागा धुऊन पांढरी पडलेली. तिथून नजर हलवता येत नव्हती, कारण डोकं अडकलेलं. रोझीबाई शांतपणे म्हणत राहिल्या. मी हात मांडीवर दाबून धरले.

दुपारी लाल काच काढून, प्लेट धुऊन सरांनी ती माझ्या हातात दिली. मी पर्ससमोर तिरकी धरली. चेहरा स्वच्छ होता. भुवईवरचा व्रणही आला होता. मांडीवरचे हात मात्र नव्हते. तिथे नुसता पांढरा डाग.

रोझीबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"बघ बाय," त्या म्हणाल्या, "सगळ्यांचेच हलतात."

ती प्लेट माझ्याकडे आहे. गिऱ्हाईक आलं की मी अजूनही आधी किती व्हॅक्यूम, किती वेळात हे विचारते, नाहीतर ते मला अडाणी समजतील. मग विचारते, पंपाच्या मागच्या बाजूला कोण बसतं? बहुतेक जण हसतात. जो हसतो त्याच्या कारखान्यात मी स्वतः जाऊन बघून येते.